राजाची उडी

जुनं यंत्र विकायला किंवा घ्यायला बंगळुरातल्या पीण्या भागातल्या माझ्या शेडवर येणारी माणसं माझ्याबद्दल दोन गोष्टी ऐकून येतात. एक, हा म्हातारा भाव करायला चिवट आहे आणि डोक्याने तापट. दुसरी, बोलता बोलता कुणाच्या तोंडून चुकून काही निघून गेलं तर तो ते परत घेऊ देतो. दोन्ही खरं आहे. समोरच्याचा शब्द मनातून आला की नुसताच तोंडातून सुटला, हे मला कळतं. सुटलेला शब्द धरून मी आजवर एकही सौदा केला नाही. लोकांना वाटतं, हा चांगुलपणा आहे. तसं काही नाही. माझ्याशी एकदा एका माणसाने तसा सौदा केला होता, आणि तो माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आम्ही तेव्हा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरामागे हातभर मोकळी जागा, तिथे आईने शेवग्याचं झाड वाढवलेलं. कारखाना सरकारी, यंत्रं बनवणारा. दिवसातून तीनदा भोंगा व्हायचा आणि सगळी ओळ त्यावर चालायची. सकाळच्या भोंग्याआधी प्रत्येक घरातून कॉफीचा वास यायचा, आमच्या घरातून तेवढा चहाचा. आई बेळगावकडची. इतकी वर्षं बंगळुरात काढूनही तिने कॉफीला घरात पाय ठेवू दिला नाही. ज्वारी मात्र इथे मनासारखी मिळत नसे. गावाकडून कुणी येणार असलं की ती आधी पोत्याचं विचारायची, मग माणसाचं. शेजारच्या कमलम्मा दुपारी भिंतीवरून वाटी पुढे करायच्या, "अक्का, स्वल्प झुणका इद्रे कोडी," म्हणजे थोडा झुणका असला तर द्या, आणि आई मराठीतूनच उत्तर द्यायची, "आत्ताच उतरवलाय, थांबा." दोघींचं असं वीस वर्षं चाललं, आणि एकीला दुसरीची भाषा कधी पुरती आली नाही.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते टर्नर होते. लेथवर त्यांचा हात असा होता की दुसऱ्या खात्यातले इंजिनिअरही काम घेऊन त्यांच्याकडे यायचे. फावल्या वेळात त्यांनी शिसवीच्या तुकड्यांतून बुद्धिबळाचा एक संच कातून घेतला होता. काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर त्यांनी बारीक खाच पाडली होती. तेव्हा आम्हाला ती नुसती नक्षी वाटली. नंतर कळलं की डोळ्यांतला काळोख कडेकडेने आत येतोय हे त्यांना आमच्या आधी दोन वर्षं ठाऊक होतं. काचबिंदू. आमच्या लक्षात आलं तेव्हा ते रस्त्यावर समोरचं माणूस ओळखायचे आणि बाजूने येणारी सायकल त्यांना दिसायची नाही. एक दिवस चालू यंत्रात त्यांची बाही गेली. हात वाचला. डॉक्टरांच्या मंडळाने त्यांना अनफिट ठरवलं आणि तीन महिन्यांत क्वार्टर सोडायचा कागद हातात आला.

सोडून जायचं कुठे, हे कुणालाच माहीत नव्हतं. गावाकडे मामाच्या घरी एक पडवी होती, तीही मामीच्या मर्जीवर. माझी बहीण, जिला मी अक्का म्हणायचो, शिक्षिकेच्या ट्रेनिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. गावी गेलो असतो तर ते तिथेच थांबलं असतं. मी एकोणीस वर्षांचा, मॅट्रिक झालेला, आणि माझ्या अंगात एकच गुण होता. क्वार्टर्समधल्या बायका बाजाराला जाताना मला भाव पाडायला सोबत न्यायच्या. त्या गुणावर नोकरी मिळत नव्हती. मी ज्या गेटवर उभा राहिलो तिथल्या साहेबाशी भांडून आलो.

मग पै साहेबांनी मला बोलावलं. ते कारखान्याचे लेबर वेल्फेअर ऑफिसर, मंगळूरकडचे, घरी कोंकणी बोलणारे, त्यामुळे आमच्याशी मराठी बोलून बघायची त्यांना हौस होती. त्यांना दुसरी हौस बुद्धिबळाची. बंगळुरातल्या कारखान्यांचे संघ एकमेकांशी खेळायचे आणि आमचा संघ दरवर्षी शेवटून पहिला यायचा. सहापैकी पाच खेळाडू ठरले होते. सहाव्यासाठी रिक्रिएशन क्लबमध्ये स्पर्धा ठेवायची, कामगारांना आणि त्यांच्या घरच्यांना खुली, असं त्यांनी ठरवलं होतं.

"तुझे वडील खेळायचे ते मी पाहिलंय," ते म्हणाले. "तू त्यांचा मुलगा. ये, खेळ. पहिला आलास तर मला तुला मस्टरवर घ्यावंच लागेल. बाहेरचा माणूस संघात बसवला तर बाकीचे कारखाने ओरडतील."

"मस्टरवर म्हणजे काय म्हणून?"

"बघू की. अ‍ॅप्रेंटिस."

"आणि क्वार्टर?"

ते हसले. "तू सौदा करायला आलायस काय रे?"

"क्वार्टर माझ्या नावावर झाली तरच खेळतो, साहेब. नाहीतर कशाला खेळू?"

ते मॅनेजरशी बोलतो म्हणाले. मला तेवढ्याने भागलं नाही. मी म्हटलं, लिहून द्या. त्यांचा चेहरा उतरला. पण दोन दिवसांनी त्यांनी मॅनेजरच्या सहीचा कागद माझ्या हातात ठेवला. स्पर्धेत पहिला आल्यास अ‍ॅप्रेंटिस म्हणून नेमणूक, आणि क्वार्टर कुटुंबाकडे कायम. मी तो कागद तीनदा वाचला आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. त्या वयात मला वाटलं, याहून पक्का सौदा कुणी केला नसेल.

अडचण वेगळीच होती. अण्णांनी मला जो खेळ शिकवला तो आपला जुना, देशी. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जातं. किल्लेकोट नाही. राजाला शह बसलेला नसेल तर तो डावात एकदाच घोड्यासारखी उडी मारू शकतो, आणि त्या एका उडीने तो मधल्या मारामारीतून कोपऱ्याकडे सुरक्षित जाऊन बसतो. क्लबातली स्पर्धा परदेशी नियमांची, छापील पुस्तकातली. तिथे प्यादं आधी दोन घरं जाऊ शकतं. राजाला उडी नाही, त्याऐवजी किल्लेकोट: राजा दोन घरं बाजूला, आणि हत्ती त्याच्यावरून पलीकडे. आणि सगळ्यात मोठा फरक, सोंगटीला हात लागला की तीच चालवायची. आमच्या घरी हा नियम असणं शक्यच नव्हतं. सगळा पट आता अण्णांच्या नजरेत मावत नव्हता, ते डाव बघायचे ते बोटांनी. प्रत्येक चालीआधी त्यांचा हात सगळ्या पटावरून फिरायचा, खाचा चाचपत, माझ्या सोंगट्यांवरूनसुद्धा. त्यांच्याबरोबर खेळून खेळून मलाही विचार करताना सोंगट्यांना हात लावायची सवय लागलेली.

परदेशी नियम मला जोगळेकरने शिकवले. तो पुण्याचा, हिशेब खात्यात नवा लागलेला, माझ्याहून सातेक वर्षांनी मोठा, एकटाच राहायचा. दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा, कारण खानावळीतल्या सांबाराला तो विटला होता. जेवण झालं की मागच्या मोकळ्या जागेत तो आणि मी पट मांडायचो. त्याच्याकडे इंग्रजी पुस्तक होतं आणि त्यातल्या सुरुवाती त्याला पाठ होत्या. डावाच्या पहिल्या दहा-बारा चाली कशा खेळायच्या, त्याला कसलं नाव, त्यावर उत्तर काय, सगळं. मला ती नावं राहायची नाहीत. मी अण्णांचीच मांडणी करायचो, प्यादी एकेक घर, सोंगट्या मागे दाटीवाटीने. जोगळेकर म्हणायचा, "मारुती, हे काय, घरात कुलूप लावून बसलायस? बाहेर ये की." आणि मग विसाव्या चालीला त्याला कळायचं की माझं कुलूप त्याच्या किल्लीने उघडत नाही. चारातले दोन डाव मी जिंकायचो.

अण्णांना मी सांगितलं नाही. स्पर्धा कुठल्या नियमांनी आहे असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, आपल्याच. हे खोटं मी विचार करून बोललो. परदेशी खेळाचं नाव काढलं की ते म्हणायचे, त्यात राजा पळपुटा करून टाकलाय, तसल्या खेळाला माझा मुलगा बसणार नाही. तीन महिन्यांतले दोन संपत आले होते, आणि मला त्यांच्याशी वाद घालून हरायची भीती होती. पटावरही मी त्यांना तोवर कधी हरवलं नव्हतं.

स्पर्धा चार रविवार चालली. क्लबाचा हॉल म्हणजे पत्र्याचं छत, लांब बाकं आणि कोपऱ्यात टेबल-टेनिसचं टेबल भिंतीला उभं करून ठेवलेलं. पंच होते मेष्ट्रु. ते कन्नड शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, सगळे त्यांना मेष्ट्रुच म्हणायचे, खरं नाव मला आजही माहीत नाही. मी जिंकत गेलो, एकच डाव बरोबरीत सुटला. फोर्जिंगमधला एक तमिळ फोरमन, स्टोअरचा कारकून, कँटीनच्या मॅनेजरचा मेहुणा. प्रत्येक रविवारी घरी आलो की अण्णा डाव ऐकायचे. मी चाली त्यांना घरच्या नियमांत बसतील अशा फिरवून सांगायचो, म्हणजे एका खोट्यावर दुसरं. शेवटच्या फेरीला पहिल्या जागेसाठी दोघेच उरले. जोगळेकर माझ्याहून अर्ध्या गुणाने पुढे. बरोबरी झाली तर तो पहिला. मला जिंकणं भाग होतं, आणि काळ्या सोंगट्या माझ्याकडे.

त्या सकाळी मी आंघोळ करून निघालो तर अण्णा बाहेरच्या खोलीत पट मांडून बसलेले. "ये," म्हणाले. "एक डाव खेळून जा. हात मोकळा होतो."

"उशीर होईल अण्णा."

"होत नाही की. दहा अजून वाजायचेत. बस."

आईने स्वयंपाकघरातून नुसतं बघितलं. मी बसलो. त्यांनी मला काळ्या दिल्या, जोगळेकर कसा खेळतो ते विचारून घेतलं आणि त्याच्यासारखे खेळायला लागले. माझा राजा मधे अडकला तशी त्यांची बोटं माझ्या राजावर येऊन थांबली. "इथं थांबू नको. हा मधे मारणार तुला. उडी घे. लवकर घे. शह बसला की गेली उडी." मी उडी घेतली. त्यांनी डाव परत मागे नेला आणि पुन्हा तिथवर आणला. "आता?" मी उडी घेतली. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंसुद्धा नाही. नुसतं प्यादं सरकवलं, माझा हात आपोआप गेला, आणि ते खूश होऊन हसले. त्या दोन वर्षांत त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलं नव्हतं.

हॉलमध्ये त्या दिवशी गर्दी होती. दोघांच्या मधे दोन तोंडांचं घड्याळ, चाल केली की आपल्या बाजूची कळ दाबायची. त्याची टिकटिक मला शेवटपर्यंत सवयीची झाली नाही. जोगळेकरने राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. मी माझं एक घर. त्याने दुसरं प्यादं दोन घरं. मी पुन्हा एक. मागे उभा असलेला कुणीतरी कन्नडमधून म्हणाला, याच्या प्याद्यांचे पाय बांधलेत काय, आणि हशा झाला. मेष्ट्रु "श्श" म्हणाले. जोगळेकर वर बघून हसला नाही. त्याला माझी मांडणी ठाऊक होती. त्याने त्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवलं होतं. तो वाट बघत होता की मी मधलं प्यादं कधी पुढे काढतो. मी ते काढलं, मारामारी झाली, पट मोकळा झाला, आणि त्या मारामारीत त्याचं एक प्यादं मी फुकट उचललं. लोकांत कुजबूज झाली. मागून कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

तिथे मी पहिली चूक केली. हत्ती कोपऱ्यातून एक घर बाजूला घ्यायचा, ही अण्णांची आवडती चाल. घरच्या खेळात ती फार कामाची. मी ती केली, कळ दाबली, आणि मग मला कळलं की हत्ती हलला म्हणजे त्या बाजूचा किल्लेकोट गेला. दुसऱ्या बाजूला माझ्याच सोंगट्यांची गर्दी. माझा राजा मधे राहिला. आणि मधली रांग आता मोकळी होती, त्यात जोगळेकरने आधी हत्ती आणून उभा केला, मग त्याच्यापुढे वजीर. राजापुढे माझा एकटा उंट. मी स्वतःला म्हटलं, अजून प्यादं जास्त आहे. वजीर मागे राजाशेजारी घ्यायचा, उंटाला जोर मिळतो, मग दोन चालींत राजा कोपऱ्यात, मग बघ याच्याकडे. हे सगळं मला स्पष्ट दिसत होतं. त्यापुढचंही दिसत होतं, अ‍ॅप्रेंटिसचा निळा शर्ट, आईचं शेवग्याचं झाड, अक्काचं ट्रेनिंग. घड्याळात वेळ होता. हात वजिराकडे जायला हवा होता.

हात राजाकडे गेला. मी राजा उचलला, घोड्यासारखा तिरका पलीकडे नेला, हत्तीपुढच्या रिकाम्या घरात ठेवला, आणि कळ दाबली. आणि मला बरं वाटलं. ते मी लिहितोच. दोन-तीन श्वासांपुरतं मला फार बरं वाटलं.

जोगळेकर पटाकडे बघत राहिला. मग हळू आवाजात, मराठीत म्हणाला, "मारुती, ही उडी इथे नाही रे चालत."

मी पाहिलं. राजा उचलून परत जागेवर ठेवला आणि वजिराला हात घातला.

"नाही," तो म्हणाला. "राजाला हात लागलाय." आणि त्याने मेष्ट्रुंना बोलवायला हात वर केला.

त्या वर केलेल्या हाताबद्दल मी पुढे फार वर्षं विचार केला. त्याच्या आजोबांनाही देशी खेळ येत होता, त्यानेच मला सांगितलं होतं. ती चाल कुठून आली हे त्या हॉलमध्ये फक्त त्याला समजलं. तो म्हणू शकला असता, ठेव परत, खेळ वजीर. कुणाला कळलंही नसतं. त्याच्याकडे नोकरी होती, खोली होती, पुण्याला घर होतं. संघातली जागा त्याला रविवार घालवायला हवी होती.

मेष्ट्रुंनी विचारलं, "राजाला हात लावला?"

"लावला. पण चाल नव्हती ती, सर. चुकून—"

"कळ दाबली?"

"दाबली."

"सरी, ठीक आहे. मग राजाच चालवायचा. जिथे जाऊ शकतो तिथे."

मी सौदा करायला लागलो. मला दुसरं काही येतच नव्हतं. म्हटलं, माझा अर्धा वेळ कापा. ते नाही म्हणाले. म्हटलं, सगळाच कापा, पाच मिनिटं ठेवा. म्हटलं, प्यादं जास्त आहे ते परत घ्या, मी काढून ठेवतो पटावरून. लोक हसले. मेष्ट्रु हसले नाहीत. त्यांनी पुस्तक उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं आणि पुस्तक माझ्याकडे फिरवलं. मला इंग्रजी वाचता येत होतं. मी वाचलं नाही. मी जोगळेकरकडे वळलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला अरे-तुरे केलं.

"आमच्या घरचं जेवलास ना रे? दर रविवारी?"

त्याचा चेहरा लाल झाला. "जेवलो. म्हणूनच तुला हा नियम शिकवला होता, मारुती. पहिल्याच दिवशी."

ते खरं होतं. त्यामुळे मला अजून राग आला. मी टेबलावर मूठ आपटली, दोन-तीन सोंगट्या आडव्या झाल्या. मेष्ट्रुंनी त्या एकेक करून होत्या तिथे उभ्या केल्या आणि म्हणाले, "कूतको. बस, मगा. खेळ." मगा म्हणजे बाळा. तो शब्द मला मारल्यासारखा लागला.

राजाला जायला दोनच घरं होती. मी एकात गेलो. तिथे लगेच उंटाचा शह. परत जुन्या जागी. दोन चाली गेल्या आणि माझा राजा होता तिथेच. तोवर त्याचा घोडा मधे येऊन वजिरावर आणि उंटावर एकदम बसला. वजीर वाचवला तर उंट, उंटामागे राजा. मी तरी खेळत राहिलो. अर्धा तास हरलेला डाव खेळलो, कारण उठलो की तो कागद संपत होता. शेवटी जोगळेकरच कुजबुजला, "पुरे कर रे." तेव्हा मी राजा आडवा केला.

पै साहेब दाराशी उभे होते. मी आतल्या खिशातून कागद काढला. का काढला, आता सांगता येणार नाही. म्हटलं, "साहेब, दुसरा आलो. मजुरीवर घ्या. झाडायला घ्या. क्वार्टर तेवढी राहू द्या."

ते म्हणाले, "तू हा कागद मागितला नसतास ना, तर मी काहीतरी केलं असतं. मॅनेजरला म्हटलं असतं, पोरगा चांगला खेळला. आता त्यांच्या सहीने लिहिलंय, पहिला आल्यास. दुसरा आलेल्याचं काय करू मी? ते मलाच कागद दाखवतील."

मी पुढे हजार करार केले. जिथे समोरचा भला माणूस दिसला, तिथे एक तरी गोष्ट मी न लिहिता सोडली. लोकांना तो माझा बेसावधपणा वाटतो. वाटू दे.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळचा भोंगा झालेला होता. रविवारच्या पाळीच्या सायकलींची रांग गेटातून बाहेर पडत होती आणि तिच्या उलट मी एकटा चालत होतो. आई भाकऱ्या थापत होती. अक्का दारातच होती. माझ्या तोंडाकडे बघून ती आत गेली आणि आईशेजारी उभी राहिली. अण्णा पटापुढे बसलेले. सोंगट्या सुरुवातीला मांडल्या होत्या.

"सांग," म्हणाले.

मी म्हटलं, हरलो. ते म्हणाले, "ते कळलं पायांच्या आवाजावरून. डाव सांग." मी बसलो आणि सांगायला लागलो. या वेळी चाली फिरवायचं त्राण नव्हतं. त्याने प्यादं दोन घरं टाकलं म्हटलं तेव्हा त्यांची बोटं थांबली. "दोन?" "हो, दोन." त्यांनी प्यादं दोन घरं ठेवलं. मी सांगत गेलो, ते चाली करत गेले. हत्ती सरकवला तिथे मान डोलावली. मधल्या रांगेत हत्ती आणि वजीर आले तेव्हा त्यांनी माझा राजा चाचपला, उंट चाचपला, पलीकडचं रिकामं घर चाचपलं.

"मग तू उडी घेतलीस."

"घेतली."

"शाबास." त्यांनी राजा स्वतःच उचलला आणि त्या घरात ठेवला, हलकेच, लेथवर काम लावल्यासारखा. सगळ्या पटावरून हात फिरवला. एकदा, दोनदा. "अरे, हा तर जिंकलेला डाव आहे की. प्यादं वर आहे तुझं. राजा सुटला. इथनं हरलास कसा तू? इथनं हरता येत नाही."

मी ओरडलो. क्वार्टर्सच्या सगळ्या ओळीला ऐकू गेलं असेल. म्हटलं, तिथे उडी नसते! त्यांच्या खेळात राजाला उडी नसते, किती वेळा सांगायचं! मी एकदाही सांगितलेलं नव्हतं. म्हटलं, सकाळी तीनदा घोटून घेतलीत माझ्याकडून, तुमच्यामुळे गेलं, तुमच्या त्या उडीमुळे घर गेलं आपलं. स्वयंपाकघरातला भाकरी थापायचा आवाज थांबला. पलीकडे कमलम्मांचा रेडिओ चालू होता, तोही कुणीतरी बारीक केला.

अण्णांचा हात राजावरच होता. मला वाटलं, आता ते म्हणतील, खोटं का बोललास. मी त्याला उत्तर तयार करत होतो. आज त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि ते उत्तर मी अजून तयारच करतो आहे. जोगळेकरचा वर गेलेला हात मी मनात धरून बसलो, कारण तो धरून बसायला सोपा होता.

त्यांनी तो प्रश्न विचारला नाही. राजा उचलून त्याच्या जुन्या घरात ठेवला, मग सगळ्या सोंगट्या एकेक करून चाचपत पेटीत घातल्या, काळ्या एकीकडे, पांढऱ्या एकीकडे. झाकण लावलं. मग तोंड स्वयंपाकघराच्या बाजूला करून आईला विचारलं,

"कागदावर तारीख कुठली होती गं, खोली रिकामी करायची?"

आईने ती सांगितली. तिला ती बघावी लागली नाही.